तोंडपट्टा

आमच्या लहानपणी पुण्याच्या वेधशाळेनं मोठा पाऊस सांगितला, की आमचे वडील गवताची गंजी उघडी टाकून खुशाल परगावी जायचे. वेधशाळेवर त्यांचा इतका उलटा विश्वास होता. आता मी सत्तरी ओलांडली आहे, आणि सकाळच्या बातम्यांत पावसापाठोपाठ भांडणाचा अंदाज सांगतात. त्याला मात्र कुणी हसत नाही. कलहवेधशाळेनं एखादा तालुका तांबडा दाखवला, की दुकानांची दारं ओढली जातात, पोरं शाळेतून घरी आणतात आणि ज्या दोन बाजू भांडायच्या असतात त्यांच्या मधली वाट पोलीस बंद करतात. ही वेधशाळा माझ्या विद्यार्थ्यानं उभी केली. त्यामुळे मला तिचा अभिमानही होता, आणि पुढे जे घडलं त्यात मी इतरांपेक्षा थोडी जास्तच अडकले.

मी विद्यापीठात युद्धांचा इतिहास शिकवायचे. आमच्या विभागात चहाच्या वेळी एकच वाद वर्षानुवर्षं चालायचा. एक गट म्हणायचा, माणूस मुळातच लढणारा प्राणी आहे. जुन्यात जुन्या थडग्यांतही बाणांची टोकं रुतलेली हाडं सापडतात, तेव्हा शांतता म्हणजे दोन लढायांमधली विश्रांती. दुसरा गट म्हणायचा, माणसाच्या आयुष्याचा बहुतेक काळ युद्धाशिवायच गेला; धान्याची कोठारं आली, त्यांच्याभोवती भिंती आल्या, मग युद्धं आली. तिसरे होते आकडेवाले. ते म्हणायचे, जग शांत होत चाललं आहे की आपण फक्त एका लांब उसंतीत बसलो आहोत, हे शे-दोनशे वर्षांच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. मी कुठल्याच गटात नव्हते. मला वाटायचं, युद्ध कसं सुरू झालं यावर खोल्या भरतील एवढे ग्रंथ आहेत, पण शेजारी-शेजारी राहणारी माणसं रोज सकाळी उठून लढायला का जात नाहीत, हे कुणी नीट विचारलेलंच नाही.

कौस्तुभ रणपिसे हा आकड्यांच्या बाजूनं आलेला मुलगा. मागच्या बाकावर बसायचा, फारसा बोलायचा नाही. तो लहान असताना त्याच्या गावात दंगल झाली होती आणि वडिलांचं दुकान जळालं होतं. त्याला एवढंच आठवत होतं, की आग लागण्याआधी कित्येक दिवस बाजारातली भाषा बदलली होती. मोठी माणसं पलीकडच्या आळीतल्या लोकांना उंदीर, घुशी म्हणायला लागली होती. ती बदललेली भाषा कुणी मोजली असती तर दुकान वाचलं असतं, असं त्यानं मनाशी धरलं, आणि पुढची वीस वर्षं तो तेच मोजण्याच्या मागे लागला.

त्याचं यंत्र समजायला अवघड नाही. जगातल्या शेकडो युद्धांच्या आणि दंगलींच्या आधीच्या महिन्यांतलं जे जे लिहिलेलं, बोललेलं उरलं आहे, ते त्यानं यंत्राला वाचायला दिलं. राजांचे खलिते, वर्तमानपत्रं, रेडिओवरची भाषणं, बाजारातल्या आवकेच्या नोंदी. जोडीला तितकीच शांत वर्षंही दिली. यंत्रानं दोन्हींतला फरक शोधला. युद्धाआधी सीमेपलीकडे होणारी लग्नं कमी होतात, देवघेव आटते, आणि सगळ्यात ठळक म्हणजे माणसं पलीकडच्यांना माणसं म्हणायचं सोडतात. टोळ म्हणतात, डुकरं म्हणतात, किडे म्हणतात. हे सगळं ठरावीक वेगानं वाढत गेलं, की काही आठवड्यांत रक्त सांडतं. मग गावोगाव खांब उभे राहिले. त्यांना कान होते, पण स्मरणशक्ती नव्हती. कोण काय बोललं हे ते ठेवत नसत, नुसता ताप मोजावा तशी बोलण्याची उष्णता मोजून पुण्याला कळवत. आमच्याकडे त्यांना कानखांब म्हणू लागले. हिरवा दिवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे अंतरबंदी. भांडणाऱ्यांना वेळीच दूर केलं की भांडण टळतं, हे त्या यंत्राचं औषध. पहिल्या दोन-तीन ठिकाणी ते लागूही पडलं. माणसं वाचली. ते मी नाकारत नाही.

निवृत्त झाल्यावर मी माझ्या गावी, हिवरटेकला, भावाच्या घरी राहायला गेले. भाऊ आधीच गेला होता. घरात फुलावहिनी आणि तिचा मुलगा संदेश. ओढ्याच्या पलीकडे सावरखोल. तिथे माझी धाकटी बहीण रंजना दिलेली. आमच्याकडे ओढ्याच्या अल्याडची मुलगी पल्याड देतात आणि पल्याडची अल्याड आणतात. त्यामुळे दोन्ही गावांत असं घर नाही, ज्याचं समोर कुणी नाही.

आणि दोन्ही गावांत तोंडपट्टा आहे. होता, असं म्हणायची वेळ आली होती.

गौरी बोळवल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात. बाहेरगावाहून माहेराला आलेल्या लेकीही माहेरच्याच काठाला येतात. हलगी सुरू झाली की एकमेकींना शिव्या द्यायच्या. अगदी मनापासून, हातवारे करून, घसा फाटेपर्यंत. पुरुषांनी मागे उभं राहायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. जो बोलेल त्याला ओढ्यात बुडवतात. वर्षभरात ज्याची शेळी ज्याच्या शेतात शिरली, ज्यानं बांध सरकवला, ज्या सासूनं समोरच्या गावच्या सुनेला उपाशी ठेवलं, ते सगळं तिथे निघतं. हलगी थांबली की बायका पाण्यात उतरतात, ओंजळभर पाणी घेऊन चूळ भरतात आणि ओढ्यात टाकतात. मग समोरचीच्या तोंडात गूळ-खोबरं घालायचं. चूळ टाकली की बोललेलं वाहून गेलं. ते घरी न्यायचं नाही, चारचौघांत काढायचं नाही, पोलिसांत तर नाहीच. हा नियम कुणी मोडल्याचं आमच्या आईच्याही ऐकिवात नव्हतं.

आई आम्हा दोघींना श्रावणापासून तयार करायची. रंजना उपजतच तरबेज. समोरची काय खाऊन आली आहे इथपासून ती सुरुवात करायची. मी अभ्यासू म्हणून ओळखली जायचे, तेव्हा मला मागच्या रांगेत उभं करत. पुढे रंजना सावरखोलची झाली आणि त्या काठाची म्होरकी झाली. दरवर्षी मी पुण्याहून यायचे ती बहिणीच्या शिव्या खायला. इतक्या प्रेमानं मला जगात दुसऱ्या कुणी शिव्या दिलेल्या नाहीत.

कानखांब बसले त्याच वर्षी भाद्रपदात खांबानं तोंडपट्टा ऐकला. म्हशी, घुशी, कोंबड्या, डुकरिणी, साळुंक्या. तासाभरात एवढी जनावरं त्याच्या कानावर पडली, की त्याच्या हिशोबानं दुपारपर्यंत इथे प्रेतांचा खच पडायला हवा होता. गूळ-खोबरं वाटायला आम्ही पाण्यात उतरतोय तोवर पोलिसांच्या गाड्या आल्या. चूळ भरल्याचा आवाज यंत्राला कळत नव्हता. चाळीस दिवस ओढ्यावरचा पूल बंद झाला, आणि पुढच्या वर्षापासून तोंडपट्ट्याला मनाई.

लोक चिडले असते तर बरं झालं असतं. पण पूल उघडला, दिवा हिरवा झाला, आणि सरकारनं दोन्ही गावांना ‘शांत गाव’ म्हणून पाट्या दिल्या. मग आमच्या लोकांना चढाओढ लागली. सावरखोलचा खांब अमुक महिने हिरवा, तर आमचाही असलाच पाहिजे. बायका पाणवठ्यावर कुजबुजू लागल्या. नातवंडांना ‘गाढवा’ म्हणायची चोरी झाली. ओढ्यापलीकडे फोन करायचा तर लोक आधी मनात वाक्यं जुळवून घेत. पुढे पुढे फोनच कमी झाले. न बोललं तर दिवा बिघडायची भीतीच नाही. पुण्याच्या अहवालात आमच्या दोन गावांचं उदाहरण छापून आलं. कौस्तुभनं मला आनंदानं कळवलंही होतं.

त्या शांततेत दोन वर्षांचं साठत गेलं. मग यंदाच्या उन्हाळ्यात दोन्ही गावांच्या सामाईक बंधाऱ्यावरची रंजनाच्या मुलाची, रोहिदासची, मोटर कुणीतरी फोडली आणि केबल कापून नेली. सावरखोलचे म्हणाले, हे हिवरटेकचं काम. आमचे म्हणाले, आधी आमच्या पाळीचं पाणी कुणी ओढलं ते विचारा. पण हे सगळं आपापल्या काठावर, हळू आवाजात. तोंडावर कुणी कुणाला काही विचारलं नाही.

मी रंजनाला फोन लावला. तिनं उचलला आणि म्हणाली, “बऱ्या आहात ना? औषधं वेळेवर घेता ना?”

आयुष्यात तिनं मला अहोजाहो केलं नव्हतं. मोटरचं काही न विचारताच मी फोन खाली ठेवला. त्यानंतर तिनं माझा फोन घेतला नाही.

पाऊस उघडल्यावर मी आणखी काही पाहिलं. आमच्या आळीतली तरणी पोरं देवळापाशी बसून हातांनी खुणा करत होती. मुक्यांसारखी. तोंडानं बोललं तर खांब ऐकेल, म्हणून. संदेशही त्यांत होता. पाळीपाळीनं ते बंधाऱ्यावर पहाऱ्याला जात, आणि टॉवेलाखाली कोयते नेत. पल्याडच्या काठावरही तसेच उभे असलेले मला घराच्या माडीवरून दिसत. खांबाचा दिवा हिरवागार होता.

मी फुलावहिनीला विचारलं. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, “ताई, मला काय ठावं नाय.” मी दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली.

कौस्तुभनं मला त्याच्या खोलीत बसवलं, बिनसाखरेचा चहा मागवला. भिंतभर नकाशा होता. आमची दोन गावं हिरव्या ठिपक्यांनी लुकलुकत होती. मी म्हटलं, तुझं यंत्र हिरवं आहे आणि आमच्याकडे कोयत्यांना धार लागते आहे. त्यानं पुन्हा पुन्हा आकडे पाहिले. मी पाहिलेलं सगळं सांगितलं, खुणांचंही. त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं प्रयोगशाळेत शंभर प्रकारच्या चुका तपासल्या होत्या, पण आपण ऐकतो आहोत हे कळल्यावर माणसं बोलायचंच सोडतील, ही चूक त्यानं धरली नव्हती.

मग तो म्हणाला, की लगेच पोलीस पाठवतो. मी नको म्हणाले. पोलीस आले की संदेश आत जाईल, रोहिदास साक्ष देईल, आणि पुढच्या दोन पिढ्या ओढ्यावरून ना मुलगी जाईल ना येईल. तू म्हणतोस ते युद्ध मग खरंच सुरू होईल, सावकाश. मला गौरी बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी तोंडपट्टा हवा आहे.

“मॅडम, तोंडपट्टा झाला तर आकडा कुठे जाईल माहिती आहे तुम्हाला?” तो म्हणाला. “तांबड्याच्याही वर. आपोआप पोलिसांना आदेश जातो.”

“तो थांबवता येतो का?”

थांबवता येत होता. वेधशाळेचा प्रमुख स्वतः जागेवर हजर असेल, तर तो आदेश तासभर रोखून धरू शकत होता. आजवर कुणी तसं केलं नव्हतं. त्या तासात एकाचं डोकं जरी फुटलं तरी सगळं त्याच्या माथी.

आम्ही बराच वेळ वाद घातला. जुन्या वर्गातल्यासारखा. तो म्हणाला, इतिहासात ज्यांना वेळीच दूर केलं ते वाचले. मी म्हटलं, काही वाचले. पण बाकीचेही बघ. मराठ्यांचे वकील शत्रूच्या दरबारात बसून असत, लढाई चालू असतानाही पत्रं येत-जात असत. बोलणं तुटलं की दोन्ही दरबार घाबरत. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातल्या लोकांत वैर मिटवायचं तर दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांची टर उडवणारी गाणी म्हणायची रीत होती. तू यंत्राला युद्धं दिलीस आणि गप्प असलेली वर्षं दिलीस. भांडून शांत राहिलेली माणसं तू दिलीच नाहीस, कारण ती आमच्या विभागात नव्हती, ती लोकसंस्कृतीच्या कपाटात होती.

“आणि तुमचा अंदाज चुकला तर?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “तर पहिला दगड माझ्या डोक्यात बसेल. मी पुढच्या रांगेत असणार आहे.”

तो हसला नाही. मग वडिलांच्या दुकानाबद्दल बोलला. दंगलीच्या आदल्या आठवड्यात वडिलांना शेजारच्या आळीतला एक माणूस भेटायला आला होता, आणि वडिलांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. तो काय सांगायला आला होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ही गोष्ट कौस्तुभनं मला पूर्वी कधी सांगितली नव्हती. बोलून झाल्यावर त्यानं परवानगीवर सही केली.

गौरी बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ भरले. पोलिसांची गाडी शाळेमागे उभी केली होती. कौस्तुभ आमच्या काठावर, पुरुषांच्या रांगेत, पांढरा शर्ट घालून, हातात फोन धरून उभा होता. त्याच्यापासून चार पावलांवर संदेश, काखेत गुंडाळलेला टॉवेल. समोर रोहिदास आणि त्याच्या मागे दहा-बारा तरणी पोरं. पोरांचे हात मोकळे नव्हते.

हलगी सुरू झाली, आणि कुणी तोंडच उघडेना.

मी आयुष्यात अनेक लढायांची वर्णनं शिकवली, पण लढाईआधीची शांतता काय असते ते मला त्या सकाळी कळलं. दोन वर्षांच्या गप्प राहण्यानं सगळ्यांचे घसे गंजले होते. बायका एकमेकींकडे बघायच्या आणि नजर खाली घालायच्या. पोरं पाय बदलत होती. वयानं मोठीनं सुरुवात करायची रीत आहे, आणि आमच्या काठावर आता सगळ्यांत मोठी मीच होते. समोर रंजना पदर खोचून उभी होती, पण माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती.

मी म्हटलं, “रंजने, तू... तू फार हेकट आहेस.”

हलगीवाल्याचा हातसुद्धा चुकला.

“काय?” रंजना म्हणाली.

“हेकट आहेस म्हटलं.”

सावरखोलच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. रंजनानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “एवढी शाळा शिकलीस आन् एवढंच? अगं पुण्यातल्या बायका शेजारणीकडं इरजण मागताना ह्याच्यापरीस वंगाळ बोलत असतील. नीट बोल की म्हसाडे, का कवळी घरी ठिवून आलीस?”

दोन्ही काठांवर हसू फुटलं, आणि माझ्या आत दोन वर्षं अडकलेलं काहीतरी सुटलं.

“कवळी तोंडातच आहे,” मी ओरडले, “फोनवरच तुझा कान तोडायला हवा होता तिनं. मला अहोजाहो करतेस? मी काय तुझी विहीण लागते का गं, घुशे?”

“मग काय करू? तुझ्या लाडक्या भाच्यानं माझ्या लेकाची मोटर फोडली!”

“तो तुझा कोण लागत नाही वाटतं?”

बाकीच्या बायका याचीच वाट बघत होत्या. एकदम पन्नास तोंडं उघडली. कुणाची सून भाकऱ्या इतक्या जाड थापते की गाय त्यांवर पाय देऊन चढते, कुणाच्या नवऱ्यानं बांध सरकवला, कुणी बारशाला बोलावलं नाही. इतक्या वर्षांत मी असं कडक काही ऐकलं नव्हतं. मी वळून कौस्तुभकडे पाहिलं. त्याच्या फोनचा पडदा तांबडा झाला होता. पोलिसांना पुढे पाठवू का, असं यंत्र पुन्हा पुन्हा विचारत होतं, आणि तो दर वेळी अंगठ्यानं ‘थांबा’ दाबत होता. कपाळावरचा घाम पुसायलाही त्याला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात फुलावहिनी सगळ्यांना मागे सारून पाण्याच्या कडेला आली. ही बाई घरात चार शब्द बोलत नाही.

“व्हय, फोडली!” ती रंजनाकडे बोट करून ओरडली. “माझ्याच पोरानं फोडली. आमच्या पाळीचं पाणी तुझा रोह्या ओढत होता, तवा झोपली हुतीस का गं भवाने?”

हलगी वाजत होती, पण माणसं गप्प झाली. रोहिदासनं एक पाय पाण्यात टाकला. त्याच्या मागची पोरं हलली. संदेशनं काखेतला टॉवेल हातात घेतला. शाळेच्या कोपऱ्यावर खाकी कपडे दिसले. मी कौस्तुभकडे पाहिलं. तोही रोहिदासच्या पायाकडेच पाहत होता. त्याचा अंगठा पडद्याच्या वर, हवेत थांबला होता. त्यानं त्या क्षणी काय ठरवलं असतं तर मी त्याला दोष देऊ शकले असते, मला माहीत नाही.

त्यानं ‘थांबा’ दाबलं.

आणि रंजना पाठ फिरवून आपल्याच मुलाकडे वळली.

“रोह्या, खरं हाय का ही काय म्हणती ते?”

पुरुषांना बोलायची मुभा नव्हती. रोहिदासनं खाली पाहिलं. सगळ्या ओढ्यानं त्याला खाली पाहताना पाहिलं.

“पाणी चोरून वर मला सांगतोस मोटर फोडली म्हणून? आन् मी हिकडं सख्ख्या बहिणीचा फोन घेईना! अरं बैला, तुझ्यापायी मी चार महिने ह्या म्हातारीशी अबोला धरलाय!” तिनं पाण्यातून दोन ढांगा टाकल्या आणि त्याचा कान धरून मागे ओढलं. “आन् तू रं संदेश, तिकडं काय उभा ऱ्हायलास टाळ कुटत? आत्याच्या पोराची मोटर फोडतोस?”

“आत्या, त्यानंच आधी...” संदेश बोलून गेला.

पुरुष बोलला. दोन्ही काठांवरच्या बायकांना आणखी काही नको होतं. अल्याडच्या, पल्याडच्या, सगळ्या मिळून धावल्या आणि त्यांनी संदेशला धरून ओढ्यात घातलं. त्याच्या टॉवेलातला कोयता पाण्यात पडला. आपल्या पोराच्या डोक्यावर पाणी ओतायला फुलावहिनी सगळ्यांच्या पुढे होती. रोहिदास काठावरून हसू लागला, तर म्हणाल्या, हसणं हेही बोलणंच, आणि त्यालाही आत घातलं. मागची पोरं हळूच हातातल्या काठ्या गवतात टाकताना मी पाहिली. आता पुढची पाळी आपली, हे त्यांना कळलं असावं.

हलगी थांबली. आम्ही पाण्यात उतरलो. चूळ भरली, टाकली. रंजनानं माझ्या तोंडात गुळाचा एवढा मोठा खडा कोंबला, की मला काही बोलताच येईना, आणि बहुधा तिला तेच हवं होतं.

कौस्तुभ काठावरच्या दगडावर बसला होता. पडदा अजूनही तांबडाच होता. संध्याकाळपर्यंत तो तसाच राहिला; पोलिसांना मात्र त्यानं शाळेमागूनच परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्याला समितीसमोर उभं राहावं लागलं. तिथे त्यानं काय सांगितलं ते मला नीट ठाऊक नाही, पण आता कुठलीही वाट बंद करण्याआधी वेधशाळेचं माणूस तिथे जाऊन दोन्हीकडच्या लोकांशी बोलून येतं. आमच्या पाट्या काढून नेल्या. मोटर दुरुस्त झाली. ती कशी झाली, केबल कुठून परत आली, हे कुणी विचारलं नाही. ते चुळीबरोबर गेलेलं होतं.

पण त्या दिवशी तो नुसता बसून होता. “मॅडम,” तो म्हणाला, “माझ्या यंत्राला हे कसं शिकवायचं तेच कळत नाहीये.”

रंजना ओली साडी पिळत वर आली आणि मला विचारलं, “हा कोण गं पांढरा कोंबडा?”

“माझा विद्यार्थी.”

“तरीच त्यालाबी शिव्या येत नसतील.” मग त्याला म्हणाली, “चला, जेवायला. वाट वल्ली हाय, मास्तरणीला धरा.”

सावरखोलला रंजनाच्या घरी मी दोन वर्षांनी पाऊल टाकलं. पडवीत तिनं चटई टाकून दिली. जेवण व्हायला अवकाश होता. कौस्तुभ अंगणात रोहिदासपाशी काहीतरी विचारत बसला होता, संदेश कोरडे कपडे शोधत होता. पाठ टेकल्यावर मला कळलं, की मी उन्हाळ्यापासून नीट झोपलेलेच नव्हते. स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. रंजना कुणाला तरी खडसावत होती, आमटीत मीठ कुणी घातलं, डोळे होते की बटणं. आणि ते ऐकता ऐकता मला भरदुपारी गाढ झोप लागली.